संस्थेसाठी मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेली) एलएमएस, म्हणजे ऑनलाइन प्रशिक्षण चालवण्याची प्रणाली: मूडल की ओपन एडएक्स?

प्रश्न: आमची संस्था ग्रामीण भागातील सुमारे ४०० आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देते. बहुतेकींकडे फक्त मोबाइल असून नेटवर्क बेभरवशाचे आहे. तांत्रिक कामाला एकच माणूस, तोही अर्धवेळ. कोणती प्रणाली निवडावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: आपल्या परिस्थितीत मूडलच घ्यावे. २००२ पासूनची ही प्रणाली पीएचपी या संगणकभाषेवर चालत असल्याने साध्या सर्व्हरवरही उभी राहते आणि तिच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये धडे आधी उतरवून घेऊन नेटवर्क नसतानाही वाचता येतात. ओपन एडएक्स मोठ्या खुल्या अभ्यासक्रमांसाठी उत्तम, पण ते सांभाळणे अर्धवेळ माणसाचे काम नव्हे.

उत्तर: सहमत. मात्र मुक्तस्रोत म्हणजे फुकट, हा समज व्यवस्थापनाच्या डोक्यातून आधी काढावा; प्रणाली सांभाळण्याचे काम उरतेच. बॅकअपमध्ये डेटाबेसबरोबर ‘मूडलडेटा’ फोल्डरही घ्यावा, कारण अपलोड केलेल्या फाइली तिथे असतात. अनेकांना हे सर्व्हर बंद पडल्यावरच कळते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आमचे जुने स्कॉर्म (ऑनलाइन धड्यांचा एक प्रमाणित साचा) धडे चालतील का?

उत्तर: स्कॉर्म १.२ चे असतील तर चालतील. ‘स्कॉर्म २००४’ या आवृत्तीचे असल्यास ते ज्या साधनात बनवले त्यातून १.२ मध्ये पुन्हा निर्यात करून घ्यावेत.