कोरिदिन्योच्या स्कर्टचा घेर: गोल कापायचा, कळ्या जोडायच्या की कंबरेला चुण्या?

शिवणघर_फोंडा

शाळेच्या नाचपथकासाठी दहा स्कर्ट शिवायचे आहेत, इंत्रुजच्या (गोव्याच्या कार्निव्हलच्या) आधी. नाच कोरिदिन्यो, म्हणजे जोडीजोडीने भराभर गिरक्या. मुलींच्या कंबरा २४ ते ३२ इंच, लांबी २८ धरली आहे. कापड सुती पॉपलीन, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच. नमुन्याला २८ कंबरेचा एक पूर्ण गोल स्कर्ट कापला. कंबर तीन इंच मोठी निघाली आणि घेर चार ठिकाणी खाली लोंबतोय.

१. कंबर आणि लोंबणं, दोन्हीचं कारण काय?
२. गोल सोडून कळीदार किंवा चुण्यांचा केला तर गिरकीत तितकाच उठेल का? कापडाचं बजेट तंग आहे.
३. पुढच्या जोडीला लाल-पांढऱ्या चौकडीचा, कुणबी साडीची आठवण देणारा स्कर्ट हवा, असं मुख्याध्यापिकांचं म्हणणं. गोल कापला तर चौकडी कशी दिसेल?
४. त्याच कार्यक्रमात मांडो हा गोव्याचा संथ नाचही आहे. तेच स्कर्ट चालवून घेता येतील का?

मडगावचा_कात्रीवाला

आधी कंबर. २८ ला ६.२८ ने भागून साडेचार इंचाची त्रिज्या काढली असणार आणि तिथेच कात्री चालवली असणार. पण शिलाई कापलेल्या काठावर पडत नाही, अर्धा इंच खाली पडते. गोलात अर्धा इंच बाहेर सरकलं की परीघ ३.१४ इंच वाढतो. तुमचे तीन इंच तिथले.

बरोबर हिशोब असा. कंबर २८, सैलपणा १, एकूण २९. भागिले ६.२८, म्हणजे ४.६ इंच. ही शिलाईची त्रिज्या. कापायची त्रिज्या अर्धा इंच कमी, म्हणजे ४.१. भोक लहान वाटेल, वाटू द्या. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान होत नाही. कापल्याबरोबर, स्कर्ट उचलायच्याही आधी, काठापासून पाव ते तीन अष्टमांश इंचावर साधी टीप मारून घ्या. नाहीतर कमरेचा उरेब (धाग्यांना तिरका) भाग हाताळतानाच आणखी इंचभर ताणतो.

लोंबणं हा कापण्यातला दोष नाही, कापडाचा धर्म आहे. गोल स्कर्टमध्ये कापड एका जागी उभ्या धाग्यावर लटकतं, पाव फेरा पुढे आडव्या धाग्यावर, आणि त्यांच्या बरोबर मधे उरेबवर. उरेब ताणतो, धागा ताणत नाही. पूर्ण गोलात उरेबच्या जागा चार, म्हणून लोंबतंही चार ठिकाणी. उपाय जुनाच: कमरपट्टी लावून स्कर्ट हँगरला दोन दिवस टांगून ठेवा, पट्टीलाच पिना लावून, खांद्यावर लोंबकळत नको. मग मुलीला घालायला लावून जमिनीपासून पट्टीने माप घेत खडूने सगळीकडे खूण करा आणि जादा कापा. पॉपलीन अर्धा-पाऊण इंच उतरतं. रेयॉन याहून कितीतरी जास्त, त्यामुळे दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी नको. कापण्याआधी पॉपलीन एकदा पाण्यातून काढायला विसरू नका.

खालची दुमड पाव इंचाची दोनदा, त्याहून रुंद नाही. गोलात बाहेरचा काठ आतल्या रेषेपेक्षा लांब असतो. इंचभर दुमडलं की तो जादा काठ मावत नाही आणि सुरकुत्या पडतात. रुंद दुमड हवीच असेल तर वेगळी उरेब पट्टी लावा, पण लावताना ओढू नका. ओढलेली पट्टी घेराला आत वळवते.

कापड: बाहेरची त्रिज्या, दुमड आणि सारखं करण्याचा इंच धरून, ३४ इंच. अर्धा गोल किनारीला लावून आखायचा, मध्यबिंदू किनारीपासून अर्धा इंच आत. असे दोन अर्धे गोल एकापुढे एक: १३६ इंच, म्हणजे साडेतीन मीटर. आकसण्यासाठी पावणेचार घ्या. उरलेल्या साडेनऊ इंच पट्टीत कमरपट्टी सहज निघते. ५८ पन्ह्याचं कापड मिळालं तर दोन अर्धे गोल समोरासमोरच्या किनारींवर, एकमेकांच्या पोकळीत सरकवून मांडा: पावणेतीन मीटरात काम होतं. मात्र एक तुकडा उलटा पडतो, उभी नक्षी असलेल्या छापाला हे चालणार नाही.

कळीदार

कात्रीवाल्यांचा हिशोब बिनचूक आहे, पण शाळेच्या पथकाला पूर्ण गोल कशाला? २०५ इंच घेर होतो, सव्वापाच मीटर. स्टेजवर दहा मुली शेजारीशेजारी फिरल्या की घेर एकमेकींत अडकतात. आणि गिरकीत तो आडवा होतो, मग आत काय घातलंय हा प्रश्न मोठा होतो.

आठ कळ्यांचा करा. आपली जुनी कळी, एक बाजू सरळ आणि एक तिरकी. वर पावणेपाच इंच, खाली साडेसोळा, उंची साडेएकतीस. एक सुलटी आणि एक उलटी मांडली की दोघींचा मिळून सव्वाएकवीस इंचांचा सरळ आयत होतो. असे दोन आयत म्हणजे साडेबेचाळीस इंच, आकसलेल्या ४४ पन्ह्यात चार कळ्या बरोबर बसतात. दोन लांब्यांत आठ. कमरपट्टीसह एक मीटर ऐंशी सेंटिमीटर पुरतं, म्हणजे गोलाच्या निम्म्याहून कमी. दोन्ही बाजू सारख्या तिरक्या असलेली विलायती कळी या पन्ह्यात चार बसत नाही, कडेला तिरका तुकडा वाया जातो.

प्रत्येक शिलाईत अर्धा इंच जातो, म्हणून वर आठ गुणिले पावणेचार, ३० इंच: कंबर, सैलपणा आणि पट्टीवर पट्टी चढवायला एक इंच. खाली घेर १२४.

जोडताना सरळ बाजूला नेहमी तिरकी बाजू. दोन तिरक्या एकमेकींना जोडल्या की ती शिवण लोंबते, दोन सरळ जोडल्या की तिथे घेर ताठ उभा राहतो, आणि स्कर्ट फिरताना धडपडल्यासारखा दिसतो. मशीनवर तिरकी बाजू खाली ठेवा, दात तिला हळूहळू ओढून घेतात आणि ती ताणत नाही. वरून खाली शिवा. तिरकी बाजू सरळीपेक्षा दोन इंच लांब असते, ते दोन इंच खाली उरू द्या आणि शेवटी गोलाईत कापा. वर सारखं करायला गेलात तर कंबर वाकडी होईल.

यापेक्षाही सोपं हवं असेल तर अर्धा गोल. त्रिज्या काढताना ६.२८ ऐवजी ३.१४. कापायचं भोक ८.७ इंच, घेर ११७, कापड दोन मीटर दहा, शिवण फक्त एक मागे. पण त्यात लोंबण्याची कटकट राहतेच, कळीदारात जवळजवळ नाही.

घेरपुराण

वरच्या दोघांचं भांडण खरं तर फार जुनं आहे. घेर कुठून आणायचा यावरच स्कर्टचा बराचसा इतिहास चालला आहे.

मूळ प्रकार गुंडाळायचा. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत सापडलेला गवताचा विणलेला स्कर्ट सुमारे ५९०० वर्षांपूर्वीचा. लुंगी, सरोंग, कुणबी साडीची गुडघ्यापर्यंतची नेसण याच घरातल्या. कापड मागावरून निघतं तसंच, कात्री नाही.

मग चुण्या. युरोपात अठराव्या शतकातले स्कर्ट आपल्या परकरासारखे: सरळ पन्हे जोडायचे आणि सगळा घेर कंबरेत कोंबायचा. कापड महाग असताना हे शहाणपणाचं, कारण उसवलं की पुन्हा सरळ कापड हातात. त्या स्कर्टांत हिंदुस्थानी छिटाचा (छापील सुती कापडाचा) वाटा मोठा. छीट इतकी खपली की फ्रान्सने १६८६ मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही बंदी घातली होती. बायका तरी घालतच राहिल्या.

घेर वाढत गेला तसे आत परकरांचे थर वाढले आणि १८५६ मध्ये पोलादी पट्ट्यांचा पिंजरा आला. पिंजऱ्यामुळे थर गेले, पण नव्या अडचणी आल्या: वारा, दार आणि चुलीची आग. पुढच्या दशकात पुढची बाजू सपाट झाली, घेर मागे गेला, आणि कंबरेतला गठ्ठा कमी करायला शिंप्यांनी कळ्यांचा आधार घेतला. १९१० च्या सुमाराला तर उलटंच: घोट्याशी इतका अरुंद स्कर्ट की लहान पावलांशिवाय चालता येईना. नाचायचं तर विसराच.

उरेबचा खरा उपयोग १९२० आणि ३० च्या दशकांत मादलेन व्हिओने या पॅरिसच्या शिवणकर्तीने दाखवला: आज तुमचं कापड लोंबतं तो गुणच तिने अंगाला बिलगणारा पोशाख करायला वापरला. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग होतं, १९४१ ते १९४९. ते चालू असतानाच १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियन दिओरने पॅरिसमध्ये मीटरच्या मीटर कापड खाणारे घेरदार स्कर्ट मांडले आणि गदारोळ झाला. १९५० च्या दशकातले पूर्ण गोल स्कर्ट त्याच लाटेवरचे. १९६० च्या दशकात मिनी आला आणि घेराचा प्रश्नच निकालात निघाला.

कोरिदिन्यो मूळचा पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या आल्गार्व्हचा. तिथल्या बायकांचा वेश घेरदार स्कर्ट, आत परकर, वर एप्रन असा. तेव्हा कळीदार किंवा चुण्यांचा करून आत परकर दिला तर ते मूळ रूपाला जास्त जवळचं. पूर्ण गोल दिसतो छान, पण तो विसाव्या शतकातला.

मांडोबद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणतो. मांडोचा वेश पानो-बाजू, आणि पानोला घेर नसतो. तो कंबरेला गुंडाळलेला सरळ रेशमी जरीचा कपडा, वर सैल बाजू. नाच संथ, पावलं सरपटती. घेरदार स्कर्टात मांडो नाचणं म्हणजे दिंडीत बँड लावणं.

सुईदोरा_डिचोली

घेरपुराणांच्या पानोचं शिवणातलं सोपं रूप देते. जुन्या रेशमी साडीचा दीड मीटर तुकडा घ्या, काठ खाली येईल असा. वरचा काठ हव्या लांबीला कापून टाका. नितंब ३६ असतील तर एक फेरा होऊन २० इंचांच्या आसपास कापड एकावर एक येतं, पाऊल टाकायला ते पुरतं. कंबरेच्या फरकासाठी बाजूला दोन बारीक टक (डार्ट), वर दीड इंचाची पट्टी, आतल्या टोकाला नाडी आणि बाहेरच्या टोकाला दोन मोठे हूक. मुलांच्या कार्यक्रमात नुसतं खोचून भागवू नका, सुटतं.

आता चौकडी. गोल कापला तर बाजूला चौकोन, मधे शंकरपाळे, पुन्हा चौकोन. चौकडी वाचताच येत नाही. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी कुणबी साडी पुन्हा चर्चेत आणल्यापासून ही चौकडी सगळ्यांच्या नजरेत बसली आहे, तिरकी झाली की लगेच खटकते. कळ्यांतही तिरक्या बाजूवर चौकडी तुटते. तिथे सरळ पन्ह्याच्या घड्याच हव्यात.

बॉक्स प्लीटला (दोन्ही कडा मागे दुमडलेल्या सपाट घडीला) कंबरेच्या तिप्पट कापड. २८ कंबर, २ इंच तोंडाच्या १४ प्लीट, प्रत्येकीला ६ इंच, एकूण ८४. दोन पन्हे जोडून ८६ मिळतात, उरलेले दोन इंच मागच्या जोडाच्या प्लीटमध्ये लपवा. कापड एक मीटर सत्तर, आकसणं वेगळं. चौकट एक किंवा दोन इंचांची असेल तर घडी रेघेवरच पडते आणि सगळ्या तोंडांवर तोच रंग येतो. पाऊण इंचाची असेल तर प्लीट सव्वादोन इंचांची करा आणि संख्या कमी करा. घड्या वरून दोन-तीन इंचांपर्यंतच शिवून टाका, त्याखाली मोकळ्या, नाहीतर गिरकीत उघडणारच नाहीत.

चुण्या करायच्याच असल्या तर पॉपलीनला अडीचपट, फार तर तिप्पट. तीन पन्हे, १३२ इंच, २८ मध्ये कोंबले तर कंबरेला दोर गुंडाळल्यासारखा जाड गठ्ठा होतो आणि सुई मोडते.

आत परकर कॅनकॅनच्या ताठ जाळीचा. वर आठ इंच सुती योक (कंबरेखालचा सपाट भाग), त्याला दुप्पट जाळीचा पहिला थर, त्याला दीडपट दुसरा. स्कर्टपेक्षा दोन इंच आखूड. जाळीचे काठ पॉपलीनच्या पट्टीत बांधा, नाहीतर पाय खरवडले जातात. खळ घातलेला सुती परकर मूळ वेशाला जवळचा असेलही, पण इथल्या दमट हवेत दुपारी घातलेली खळ संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत मऊ पडते. खाली स्कर्टच्याच कापडाचे गुडघ्यापर्यंतचे शॉर्ट्स सगळ्यांना द्या.

शिवणघर_फोंडा

कळीदार ठरलं, पुढच्या जोडीला बॉक्स प्लीट. शेवटचा प्रश्न: पुढच्या वर्षी मुली बदलणार. सगळ्यांना इलॅस्टिक घालून टाकू का?

कळीदार

पूर्ण इलॅस्टिक घातलं तर कंबर नितंबावरून उतरेल एवढी लागते. ३८ नितंब धरले तर कळी वर पावणेपाचऐवजी सहा इंच होते. मग खाली पंधरावर यावं लागतं, तरच ४४ पन्ह्यात चार बसतात. घेर १२४ वरून ११२. शिवाय पुढे चुण्या येऊन पोट फुगीर दिसतं.

त्यापेक्षा तीन मापं करा: २४-२६, २७-२९, ३०-३२. प्रत्येक गटात मोठ्या मापाला कापा. पुढच्या चार कळ्यांवर बक्रम (ताठ अस्तर) घातलेली सपाट पट्टी, मागच्या चार कळ्यांत सव्वा इंची इलॅस्टिक. इलॅस्टिकची लांबी मागच्या पट्टीपेक्षा तीन इंच कमी, म्हणजे गटातल्या सगळ्यात बारीक मुलीलाही बसेल. डाव्या शिवणीत आठ इंची चेन, वर हूक एक पण तो अडकवायच्या कड्या दोन, इंचभर अंतरावर. इलॅस्टिकचं टोक चेनीजवळ पक्कं शिवू नका, हातटाक्यांनी धरा. दोन वर्षांत ते सैल पडतं, तेव्हा सगळी पट्टी न उसवता बदलता येईल.