साडेसहाशेच्या आंबा बिअरला लूट म्हणण्याआधी टँकचा हिशोब बघा

टँकवाला

परवा एका पुणेरी ग्रुपवर कुणीतरी बिलाचा फोटो टाकला. छोट्या मायक्रोब्रुअरीची (जागेवरच बिअर बनवून विकणारं ठिकाण) उन्हाळ्यापुरती काढलेली हापूस बिअर, ३३० मिलीचा ग्लास, ६५० रुपये, व्हॅट वेगळा. खाली लिहिलं होतं, "तिथंच गव्हाची बिअर ३५० ला आहे. दोन चमचे आमरस घातला की ३०० रुपये वाढतात? लिमिटेड म्हटलं की लुटायला मोकळे." आणि त्याखाली सगळ्यांनी री ओढलेली.

मी काही वर्षं बिअर बनवायचं काम केलंय. आज कुठल्याच ब्रुअरीच्या पगारावर नाही. पण "दोन चमचे आमरस" वाचून गप्प बसवलं नाही.

गव्हाची बिअर दोन आठवड्यांत ग्लासात येते. आंब्याच्या बिअरसाठी आधी साधी बिअर आंबवायची, मग गर घालायचा. त्या गरातली साखर यीस्ट पुन्हा खातं, ते थांबेपर्यंत थांबायचं, मग गाळ खाली बसू द्यायचा. चार आठवडे धरा. म्हणजे ५०० लिटरच्या ज्या टँकमधून गव्हाच्या दोन बॅचेस निघाल्या असत्या, त्यातून एकच निघते. तीही पूर्ण नाही, कारण चोथा तळाशी बिअर धरून बसतो. ४२० लिटर हाती लागली तर चांगलं म्हणायचं. छोट्या जागेत टँक चार-पाच. त्यातला एक भर मे महिन्यात अडकवणं म्हणजे लग्नसराईत कार्यालय महिनाभर एकाच घराला देऊन टाकणं.

गव्हाच्या दोन बॅचेस मिळून ९५० लिटर, ३५० च्या भावाने दहा लाखांच्या आसपास गल्ला. आंब्याची ४२० लिटर, ६५० च्या भावाने सव्वाआठ लाख. साडेसहाशेला विकूनसुद्धा मालक मागे आहे. लूट कुठे झाली ते मला दाखवा.

नाना_नारायणपेठ

टँक तुमचा, अडकला तर तुमचा अडकला. गिऱ्हाइकाने का भरायचं? मला राग ग्लासाचा आहे. मागच्या उन्हाळ्यात भाच्याने एका ठिकाणी नेलं. ३३० चा म्हणून आणलेल्या ग्लासात वरची तीन बोटं फेस. मी म्हटलं, भरून आणा. पोरगा म्हणतो, "सर, फेस बिअरचाच भाग आहे." मग मापाची रेघ कुठे आहे ग्लासावर? पेट्रोल पंपावर कोणी असं ऐकून घेतलं असतं का? भाचा ओशाळला, पण मी बिल देताना मॅनेजरला बोलावलंच.

टँकवाला

नाना, फेस हवाच, वास त्यातूनच येतो. पण ग्लासावर रेघ हवी, हे मान्य. माझ्या मूळ मुद्द्याशी त्याचा संबंध नाही.

नाना_नारायणपेठ

संबंध कसा नाही? ३३० चे पैसे घेऊन २८० दिले तर ६५० चे ७६६ होतात. हाही हिशोबच आहे.

कसबा_सीए

धागालेखकांचा गुणाकार बरोबर, गृहीतक चुकीचं. गव्हाची ती ९५० लिटर विकली गेली असती, असं तुम्ही धरून चाललात. मंगळवारी रात्री कल्याणीनगर-मुंढवा भागात फिरून या, निम्मी टेबलं रिकामी असतात. टँकमधून जास्त बिअर निघाली म्हणून पिणारे वाढत नाहीत. ज्या टँकला तसंही काम नव्हतं त्याचं भाडं आंब्याच्या बिअरवर चढवायचं, हे मला पटत नाही. उलट ही बिअर लोकांना मंगळवारी खेचून आणते. तो फायदा तुमच्या हिशोबात कुठेच नाही.

टँकवाला

हे श्रावणात खरं आहे. तेव्हा टँक रिकामेच असतात आणि तेव्हा कोणी खास बिअर महाग काढली तर मीही नावं ठेवीन. पण आंबा मेमध्ये येतो आणि मेमध्ये शनिवार-रविवारी गव्हाची बिअर संपते. "आज नाही" सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

मृण्मयी_ठाणे

कराचं कोणीच बोलत नाहीये. दारू जीएसटीच्या बाहेर. म्हणजे मशिनरी, माल्ट, जागेचं भाडं या सगळ्यावर भरलेला जीएसटी बिअरपुरता परत मिळत नाही, तो किमतीत मुरतो. वर बारमधल्या मद्यावरचा व्हॅट २०२३ च्या नोव्हेंबरात ५ चा १० टक्के झाला. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, अमेरिका नाही तर जर्मनीतून येतात. आणि २०२५ मध्ये सरकारने उत्पादन शुल्क एवढं वाढवलं की जुलैत बारवाल्यांनी बंद पाळला. आधी त्याचा राग करा.

कसबा_सीए

ती शुल्कवाढ व्हिस्की-रमसारख्या मद्यावर होती, बिअरला ती नव्हती. बिअर महाग का, याला ते कारण होत नाही. व्हॅटचा मुद्दा बरोबर, पण तो ३५० च्या ग्लासालाही लागतो. वरच्या ३०० रुपयांचं उत्तर त्यात नाही.

मृण्मयी_ठाणे

बरं, शुल्काचं सोडा. जीएसटीचं उत्तर द्या. तुमच्याच क्षेत्रातलं आहे.

बागायतदार_देवगड

मी बिअर पीत नाही. धागा हापूस शब्दामुळे उघडला. टँकवाले, लिटरला गर किती घालता ते सांगा.

टँकवाला

चांगली करायची तर लिटरला २०० ग्रॅम. त्याहून कमी घातला तर साखर आंबून गेल्यावर आंब्याचा मागमूस राहत नाही.

बागायतदार_देवगड

मग ५०० लिटरला १०० किलो गर. हापूसचा निम्मा गर निघतो, म्हणजे २०० किलो आंबा. हा आंबा कोणी पेटीतला घेत नाही, कॅनिंगचा, म्हणजे गराच्या कारखान्याला जाणारा, घेतात. कॅनिंगला आम्हाला किलोमागे तीस-चाळीस रुपये मिळालेत. चाळीस धरा. सगळा आंबा ८,००० रुपयांचा. तुमच्या ४२० लिटरवर वाटला तर ग्लासामागे सहा रुपयांचा आंबा. अगदी २०० रुपये किलोचा निवडक माल घेतला तरी एकतीस रुपये. आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात काय लिहिता? देवगड हापूस. यंदा थ्रिप्स किडीने मोहोर खाल्ला, फवारण्यांवर फवारण्या झाल्या, राखणीला नेपाळी गडी ठेवले. आमच्या नावावर ३०० रुपये चढवायचे आणि आम्हाला सहा? टँकचं भाडं महाग असेल तर बोर्डावर टँक लिहा.

आणि तो आंबा तरी देवगडचा असतो का? २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांना हापूसचं भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव तिथल्याच आंब्याचं. तरी वाशीच्या बाजारात कर्नाटकचा माल देवगडच्या खोक्यात भरतातच. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या फळात फसवतात, तर गरात कोण बघायला जातंय?

बेळगावकर

धागा बिअरचा आहे म्हणून गप्प होतो. "कर्नाटकचा माल" हे असं तुच्छतेने लिहायचं कारण काय? धारवाडचा हापूस खाल्लाय का कधी? आमच्या आजोबांनी लावलेली झाडं आहेत. साक्याचा त्रास तुमच्याकडे किती आणि आमच्याकडे किती, हेही लिहा की एकदा. वरून सोन्यासारखा आंबा, कापला की आत पांढरा भुसभुशीत गोळा. तो पेटीतून निघाला की गिऱ्हाईक कुणाला शिव्या घालतं?

बागायतदार_देवगड

झाडाला नावं ठेवली नाहीत. खोक्यावरच्या खोट्या नावाला ठेवली. धारवाडचा म्हणून विका, कोण अडवतंय? साका आमच्याकडे आहे, नाकारत नाही. पण साक्यामुळे खोटं लेबल खरं होत नाही.

बेळगावकर

खोटं लेबल लावतो तो वाशीचा व्यापारी. धारवाडचा शेतकरी लावत नाही. प्रत्येक एप्रिलमध्ये बोलणी मात्र आम्ही खायची.

बागायतदार_देवगड

व्यापाऱ्याचं खरं आहे. तेवढं मान्य.

रायवळ_प्रेमी

दोघेही हापूसवर भांडताय, पण बिअरला हापूस हवाच कशाला? त्याचा वास नाजूक, आंबवल्यावर निम्मा उडून जातो. रायवळ घ्या. दोऱ्यांचा असेल, पण वास घरभर पसरतो आणि आंबटपणा अंगचाच. आमच्या संगमेश्वराकडे रायवळ झाडाखाली कुजतो, गोळा करायला माणूस मिळत नाही.

टँकवाला

आम्ही एकदा रायवळ वापरला होता. बिअर हापूसपेक्षा सरस झाली, हे मनापासून सांगतो. खपली नाही. बोर्डावर "रायवळ" वाचून लोक विचारायचे, हापूस कधी येणार? पुढच्या वर्षी मालकाने हापूस लिहायला लावलं.

कसबा_सीए

म्हणजे वरचे ३०० रुपये टँकचे नाहीत, हापूस या नावाचे आहेत. हे तुम्हीच आत्ता लिहिलंत.

टँकवाला

काही भाग नावाचा आहे. सगळा नाही. चार आठवडे खोटे नाहीत आणि तळाशी राहणारी ८० लिटरही खोटी नाही. ते अजिबात सोडणार नाही.

आइंडहोवनकर

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला असतो, इथून अर्ध्या तासावर बेल्जियमची हद्द. तिथल्या वेस्टव्लेटरनच्या मठातले साधू बिअर बनवतात, जगातल्या सर्वोत्तम बिअरांत तिचं नाव घेतात. मठ चालेल एवढीच बनवतात, मागणी आहे म्हणून भाव चढवत नाहीत, पुन्हा विकायला बंदी. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केटने ती बाटली दहा युरोला विकायला काढली. मठाचा भाव दोन युरोच्या आत होता. साधू चिडले, जाहीर नाराजी दाखवली. माल थोडा आहे म्हणून भाव चढवलाच पाहिजे असं नाही. रांग लावा, माणशी एक ग्लास द्या, पण भाव तोच ठेवा.

मृण्मयी_ठाणे

साधूंना कोरेगाव पार्कचं भाडं नसतं. आणि रांगेत कोण उभं राहू शकतं? दुपारी मोकळा असलेला. मी सातला ऑफिसमधून सुटून लोकल पकडते, माझ्या वाट्याला रांगेतलं काहीच येणार नाही. भाव जास्त असेल तर महिन्यात एकदा तरी ठरवून पिता येते.

आइंडहोवनकर

रांगेबद्दल तुमचं खरं आहे. ते साधूही आता ऑनलाइन नोंदणीच घेतात. भाड्याचं पटत नाही, गव्हाच्या बिअरलाही तेच भाडं आहे.

जुना_पुणेकर

२००९ मध्ये पुण्यात कोरिंथियन्स क्लबला डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून ताजी बिअर पितोय. त्याआधी पुण्यात बिअर म्हणजे शॉपीतली ६५० मिलीची स्ट्राँग. नव्या चवी आल्या त्या या छोट्या ब्रुअरींमुळेच. ती माणसं टिकली पाहिजेत, म्हणून मी ६५० देतो आणि देत राहीन. पण आंबा कुठला, असं विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा दुसऱ्याकडे बघतो, हे मी अनुभवलंय. त्याचा मला खरंच त्रास होतो.

नाना_नारायणपेठ

ग्लासावर रेघ, बोर्डावर आंब्याचं गाव आणि लिटरला किती गर. एवढं लिहा, मी ६५० देतो. नाहीतर ३५० ची गव्हाची पितो, तीही रेघेपर्यंत भरून.

टँकवाला

गराचं प्रमाण लिहायला कुठलाच मालक तयार होणार नाही, शेजारचा लगेच नक्कल करेल. आंब्याचं गाव आणि बागायतदाराचं नाव लिहिता येईल. माझे दोन जुने सहकारी अजून धंद्यात आहेत, त्यांना हा धागा पाठवतोय. देवगडवाले, थेट तुमच्याकडून घ्यायचा तर भाव काय?

बागायतदार_देवगड

कॅनिंगच्या दुप्पट द्या, आढीत पिकवून, साका तपासून गर काढून देतो. ऐंशी रुपये किलोने तुमच्या ग्लासामागे बारा-तेरा रुपये पडतात. पण एप्रिलमध्येच बोला. कॅनिंगच्या गाड्या लागल्यावर फोन केलात तर माझ्याकडे काही शिल्लक नसतं.

बेळगावकर

धारवाडचा आंबा याहून स्वस्तात देतो. अट एकच, बोर्डावर धारवाड लिहायचं.