आईचा गुडघा बदललाय, बर्फाचा शेक आणि व्यायाम यावर सल्ला हवा

लालबागकर:
नमस्कार मंडळी. आईच्या (वय 68) उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, परवाच घरी आणलंय. गुडघा टम्म सुजलाय, हाताला गरम लागतो. मेडिकलवाला गार पाणी फिरवणारं शेकाचं मशीन घ्या म्हणतोय. घ्यावं का? फिजिओ एक दिवसाआड येतात. मधल्या दिवशी व्यायामाचं नाव काढलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतं.

घाटकोपरची फिजिओ:
दादा, मशीनमुळे सारखा पॅक बदलावा लागत नाही, ही सोय खरी. पण सूज साध्या जेल पॅकनेही उतरते. दोन पॅक घ्या, म्हणजे एक फ्रीझरमध्ये राहील. पातळ सुती पंच्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि व्यायामानंतर न चुकता. ड्रेसिंग ओलं होऊ देऊ नका. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर असते, तिथे गारठा कळत नाही, म्हणून मध्येमध्ये पॅक उचलून बघा. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आईंना रागावू मात्र नका. गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू मनात असूनही नीट आवळला जात नाही. त्या टाळाटाळ करत नाहीयेत. वेदनेची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी देता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा.

मधल्या दिवशी एवढं करून घ्या: जागेपणी दर तासाला घोटा वर-खाली, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. मग पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची. मग टाच सरकवत गुडघा वाकवायचा. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की पाय सहज सरकतो.

आणि गुडघ्याखाली उशी अजिबात नको! बरं वाटतं म्हणून सगळे ठेवतात आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा. लोक फक्त किती वाकला ते विचारतात, पण पाय पूर्ण सरळ झाला नाही तर चाल लंगडी राहते.

दहिसरची आजी:
माझे दोन्ही गुडघे बदललेत. आईला सांग बाळा, मलाही रडू यायचं. संध्याकाळी सूज वाढायची, गुडघ्याची ऊब तर काही महिने होती, पण हळूहळू सगळं गेलं. मला नातीने आकडे मोजून दिले की व्यायाम पुरा व्हायचा, एकटीने नाही व्हायचा. वॉकर आणि कमोडची खुर्ची भाड्याने आण, विकत कशाला?

परळकर:
पुढे जास्त दिवस फिजिओथेरपी लागली तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे चौकशी करा.

लालबागकर:
खूप आभार सगळ्यांचे. उशी आत्ताच काढली. एकच विचारायचं राहिलं, टाके दाखवायला न्यायचंय आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

घाटकोपरची फिजिओ:
उद्या फिजिओ येतील तेव्हा त्यांच्यासमोर दोन पायऱ्यांचा सराव करून घ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. एक हात कठड्यावर, तुम्ही उतरताना एक पायरी खाली आणि चढताना एक पायरी मागे. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठा.