मदत हवी आहे : डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश मऊ कसा करायचा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. दोन आठवड्यांपूर्वी डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश घेतला. वडिलांकडे असाच होता. वापरून वापरून त्याची टोकं इतकी मऊ झाली होती की गालावर कापूस फिरल्यासारखं वाटायचं. मला तेच हवंय.

सुरुवातीला ओल्या जनावरासारखा वास यायचा. साबणाचा फेस करून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी धुतला, तेव्हा गेला. आता रोज दाढीआधी 10 मिनिटं कोमट पाण्यात भिजवतो, कारण हे केस पाणी प्यायल्याशिवाय ताठच राहतात. टोकं दुभंगली की मऊपणा येतो, हे माहीत आहे. पण 12 दाढ्या झाल्या तरी हनुवटीखाली टोचतंच. फेस वाटीत भरपूर दिसतो, गालावर येईपर्यंत ब्रशच गिळून टाकतो.

आमचं बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो. त्यामुळे होत असेल का? नळाचं पाणी वापरून बघू? आणि पावसाळ्यात ब्रश दिवसभर ओलाच राहतो; केस खाली करून टांगावा की उभा ठेवावा? ज्यांनी वर्षानुवर्षं वापरलाय त्यांनी कृपया सांगा.