मदत हवी आहे : सिझेरियननंतरच्या प्रसूतीत कळा आपोआप आल्या नाहीत तर?

मला ३५ वा आठवडा सुरू आहे. पहिले बाळ पायाळू असल्याने तीन वर्षांपूर्वी कळा येण्याआधीच सिझेरियन झाले. छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा घेतल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे (पोटावरचा व्रण आडवा असला म्हणजे आतला तसाच असेल असे नाही, हे मला ते कार्ड शोधताना कळले). या वेळी बाळाचे डोके खाली आहे, वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या जुन्या व्रणापासून दूर आहे आणि मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास नाही.

डॉक्टरांनी नैसर्गिक प्रसूती आणि पुन्हा सिझेरियन असे दोन्ही मार्ग खुले ठेवले आहेत. कळा आपोआप आल्यास आतला व्रण उसवण्याची शक्यता साधारण २०० मध्ये १ असते आणि कळांच्या औषधांनी ती वाढते, असे त्या म्हणाल्या. तातडीचे सिझेरियन, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास उपलब्ध असल्याची मी खात्री करून घेतली आहे, त्यामुळे रुग्णालय बदलण्याचा प्रश्न नाही.

माझे अडते ते पुढे : ४० आठवडे उलटूनही कळा आल्या नाहीत, तर वाट पाहावी, फुग्याच्या कॅथेटरने (टोकाला फुगवता येणारा फुगा असलेल्या नळीने) गर्भाशयमुख उघडण्याचा प्रयत्न करावा, की सरळ सिझेरियनची तारीख घ्यावी? यातून गेलेल्यांपैकी कोणी किती दिवस वाट पाहिली आणि ती मर्यादा डॉक्टरांशी बोलून कशाच्या आधारे ठरवली?