बायोफ्लॉकमधले जिवाणू वनामी झिंग्याच्या आतड्यात टिकतात का?

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर)
खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी, क्षारता ४ पीपीटी (लिटरमागे ४ ग्रॅम क्षार). १० मीटर व्यासाची ताडपत्री टाकी, पाणी ९० हजार लिटर, वनामी ८-९ ग्रॅमची. इम्हॉफ कोनात (गाळ मोजायच्या शंकूत) फ्लॉक, म्हणजे पाण्यात तरंगणारे जिवाणू-गाळाचे पुंजके, लिटरमागे ३० मिली; अमोनिया ०.३ पीपीएम, नायट्राइट ०.५ पीपीएम. फ्लॉकच्या जिवाणूंना कार्बन म्हणून रोज गूळ, आठवड्यातून दोनदा बॅसिलस (उपयोगी जिवाणूंची पूड) पाण्यात. तरी चेक ट्रेमध्ये (खाद्य तपासायच्या जाळीत) विष्ठेचे पांढरे दोरे दिसतात. टीसीबीएस प्लेटवर (व्हिब्रिओ जिवाणू वाढवून मोजायची प्लेट) पाण्याच्या वसाहती बहुतेक पिवळ्या, आतड्याच्या मात्र बऱ्याच हिरव्या. झिंगा दिवसभर फ्लॉक खातो, मग आतड्यात फ्लॉकचेच जिवाणू का नाहीत? बॅसिलसचा डोस वाढवू का?

जलजीव
फ्लॉक पोटात जातो, पण त्यातला प्रत्येक जिवाणू तिथे मुक्काम करत नाही. खाल्लेलं तास-दोन तासांत बाहेर पडतं, आत ऑक्सिजन कमी असतो आणि पाचक रसांचा मारा वेगळाच. जे चिकटू शकतात तेच उरतात. व्हिब्रिओला (खाऱ्या पाण्यातले जिवाणू, काही रोग करणारे) कायटिनवर, म्हणजे झिंग्याच्या कवचाच्या द्रव्यावर, चिकटता येतं, ते पचवताही येतं, म्हणून तो निरोगी झिंग्यातही सापडतो. पाण्याची आणि आतड्याची प्लेट सारखी यावी ही अपेक्षाच सोडा. पिल्लं लहान असताना पाण्याचा प्रभाव जास्त पडतो, तेव्हा टाकी मुरलेली असणं महत्त्वाचं.

हिरव्या म्हणजे सुक्रोज न आंबवणाऱ्या व्हिब्रिओ. पॅराहिमोलिटिकस त्यात येतो, पण तो विष बनवणारा आहे का हे पिर-ए, पिर-बी या विषाच्या जनुकांच्या पीसीआर (जनुकीय) तपासणीशिवाय सांगता येत नाही. पिवळ्या म्हणजे निर्धोक, असंही नाही.

नमुना कसा घेतला? पाच झिंगे, बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसून आतडं काढायचं, वजन करून नऊपट निर्जंतुक मिठाच्या पाण्यात (दीड-दोन टक्के) कुटायचं, दहा-दहा पटीने पातळ करत ०.१ मिली प्लेटवर. अंग पुसलं नसेल तर त्या हिरव्या बाहेरच्याही असू शकतात.

वऱ्हाडी_टाकी
भाऊ, पयले रोजचा गूळ बंद करा. अमोनिया ०.३ असतांना गूळ कायले? नायट्रीफायर (अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू) कामाले लागले की साखरेची गरज उरत नाही. साखर टाकली की लवकर वाढणारे जिवाणू उसळतात, व्हिब्रिओ त्यातलाच. अमोनिया १ पीपीएमच्या वर गेला तरच टाका. हिशोब असा: ९० हजार लिटरमध्ये १ पीपीएम म्हणजे ९० ग्रॅम नायट्रोजन, त्याले सहापट म्हणजे ५४० ग्रॅम कार्बन, गुळात कार्बन ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वा ते दीड किलो गूळ. एकदम नोका टाकू, दोन-तीनदा वाटून टाका.

अन् फ्लॉक ३० मिली लय झाला, १०-१५ वर आणा. बाजूले हजार लिटरची टाकी ठेवा, मिनिटाले १५-२० लिटर पाणी त्यातून फिरवा, खाली बसलेलं काढत जा.

टाकी_तपासनीस
वरचं सगळं बरोबर, पण लोडशेडिंगचा मुद्दा राहिला. हवा बंद पडली की अर्ध्या तासात फ्लॉक तळाला बसतो. तिथला ऑक्सिजन संपतो आणि वीज आल्यावर तोच सडका गाळ उसळून झिंग्याच्या तोंडी जातो. ब्लोअरला आपोआप सुरू होणारं जनरेटर हवंच, बॅसिलसच्या पुड्यांआधी त्यावर खर्च करा.

बॅसिलस पाण्यापेक्षा खाद्यातून द्या: किलोला ५-१० ग्रॅम, बाइंडर लावून, सावलीत वाळवून. तो आतड्यात कायमचा बसत नाही, बंद केला की काही दिवसांत नाहीसा होतो.

पण पांढरे दोरे दिसत असतील तर आधी ईएचपीची पीसीआर करा. ईएचपी हा झिंग्याच्या पचनग्रंथीतला सूक्ष्म परजीवी आहे, बॅसिलसने जात नाही. व्हिब्रिओ त्याच्या जोडीला असतो, म्हणून प्लेट पाहून फसगत होते. अहवाल येईपर्यंत खाद्य अर्ध्यावर आणा आणि या टाकीचा फ्लॉक दुसऱ्या टाकीत विरजण म्हणून नेऊ नका, जाळीसुद्धा वेगळी ठेवा.

पूर्णाकाठ
गूळ आजपासून बंद. काढलेला गाळ कपाशीला चालेल?

टाकी_तपासनीस
नाही. आपली काळी जमीन सोडियमने आधीच चोपण आहे, त्यात हा खारा गाळ नको. ताडपत्री घातलेल्या खड्ड्यात चुना मिसळून वाळवा. बोअरच्या पाण्यातलं पोटॅशही मोजून घ्या. सोडियमच्या २८ व्या भागाच्या आसपास हवं, खारपाणात ते कमीच निघतं आणि ताणाखालच्या झिंग्याचं आतडं आधी बिघडतं.