'पासून' म्हणजे सिन्स की फॉर?

चिंचगुळ :
भाचीने नोकरीच्या अर्जात लिहिलंय, 'आय ॲम टीचिंग सिन्स सिक्स इयर्स.' मी खोडून 'आय हॅव बीन टीचिंग फॉर सिक्स इयर्स' केलं. तर म्हणते, "मावशी, सहा वर्षांपासून शिकवतेय ना? मग सिन्सच." आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, तिला २००० नंतरचं पहिलीपासूनचं, चूक मात्र तीच! कालबिंदू, कालावधी सगळं सांगून झालं, तिने जांभई दिली. मराठीतूनच पटेल असं काही आहे का?

निवृत्त मास्तर :
आहे की. 'पासून'च्या जागी 'झाली' घालून बघायचं. 'सहा वर्षं झाली शिकवतेय' जमतं, म्हणजे फॉर. 'सोमवार झाला शिकवतेय' जमत नाही, म्हणजे सिन्स मंडे. खरी मेख 'ॲम टीचिंग'मध्ये आहे. आपण 'शिकवतेय' म्हणतो, सरळ वर्तमानकाळ. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन' लागतं. मुलं सिन्स-फॉर सुधारतात आणि हे तसंच राहतं.

खवचट :
आणि 'सोमवारपासून परीक्षा'? अजून सोमवार उजाडायचाय.

निवृत्त मास्तर :
तिथे फ्रॉम. सिन्सचं तोंड मागेच.

ओसरीवरून :
मुळात 'सहा वर्षांपासून' हेच मराठी नव्हे. हिंदीच्या 'छह साल से'ची नक्कल. आमच्याकडे 'सहा वर्षं झाली शिकवतेय' एवढंच म्हणत. आधी मराठी नीट बोला, सिन्स आपोआप जाईल.

तर्रीपोहे :
काहीही! माझी आजी 'चार दिसापासून पाय दुखून राह्यला' म्हणायची. ती काय हिंदीच्या शिकवणीला जात होती?

ओसरीवरून :
आजी कुठली?

तर्रीपोहे :
अकोल्याची.

ओसरीवरून :
मग झालं की.

तर्रीपोहे :
काय झालं? आमची मराठी मराठी नाही का?

स्टुटगार्टकर :
भांडू नका. माझे जर्मन सहकारीही बिनदिक्कत 'सिन्स टू इयर्स' म्हणतात. त्यांच्या 'झाइट'मध्ये दोन्ही अर्थ मावतात, क्रियापदही वर्तमानकाळात, थेट आपल्यासारखं. गंमत म्हणजे झाइट आणि सिन्स एकाच घराण्यातले! तेव्हा सगळं हिंदीच्या माथी मारता येणार नाही.

शंकासुर :
'पासून' हा 'पाश'वरून आला असणार. मागच्या काळाला बांधलेलं.

निवृत्त मास्तर :
पाश नव्हे हो, पार्श्व. बाजू, जवळ. 'पाशी' त्यातलाच.

शंकासुर :
बांधलेलं जवळच राहतं, मास्तर.

खवचट :
इतके लोक 'सिन्स टू इयर्स' बोलतात, कुणाचं अडत नाही. 'प्रीपोन' इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला, हेही बसेल.

निवृत्त मास्तर :
प्रीपोनची गरज होती. 'पोस्टपोन'ला जोडीदार हवा होता. इथे फॉर आयता असताना तुम्हाला सिन्स कशाला? बोलताना चालेल. अर्ज वाचणारा मात्र पहिल्या ओळीतच भुवई चढवतो.

चिंचगुळ :
'झाली'ची युक्ती पटली तिला! 'लहानपण झालं गातेय' जमेना, म्हणून सिन्स चाइल्डहुड हे तिनेच काढलं. आता विचारते, 'कधीपासून'ला काय?

खवचट :
दोन्ही. पण 'सिन्स व्हेन' जपून, त्यात 'हे कधीपासून सुरू झालं?' असा टोमणा येतो. साधं विचारायचं तर 'हाऊ लाँग'.

ओसरीवरून :
आम्ही 'केव्हाची' म्हणायचो. 'केव्हाची वाट बघतेय!' तो शब्द कुठे गेला कुणास ठाऊक.

तर्रीपोहे :
अकोल्यात आहे. सुखरूप.